हवा लागलेलं सिमेंट : शिसं दडतं, क्रोमियम सुटतं

प्रश्न इंदूरच्या एका लॅबमध्ये काम करणाऱ्या तरुण इंजिनिअरचा आहे. थोडक्यात असा : प्लेटिंगचा (धातूवर मुलामा चढवण्याच्या कामातला) गाळ, त्यातले विषारी धातू अडकून राहावेत म्हणून, सिमेंटमध्ये बांधून ७०.६ मिमीचे ठोकळे पाडले. २८ दिवसांनी चाचणी घेतली, सगळं मर्यादेत आलं. बाकीचे ठोकळे वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये पडून होते. ते पुन्हा तपासले तेव्हा ताकद वाढलेली निघाली. साध्या पाण्यातल्या चाचणीत शिसं आधीपेक्षा कमी आलं, पण टीसीएलपीत, म्हणजे लँडफिलमधल्या आम्लाची नक्कल करणाऱ्या चाचणीत, तेच शिसं जास्त आलं. क्रोमियम दोन्हीकडे वाढलं. फिनॉल्फथॅलिन (अल्कलीत गुलाबी होणारं द्रावण) मारलं तर बाहेरची ८ मिमी कड बिनरंगी राहिली. वरिष्ठ म्हणतात की नमुने अदलाबदल झाले असणार. आता सहा ठोकळे उरलेत. "हे कार्बोनेशनमुळे होतं का? होत असेल तर ते चांगलं की वाईट?"

उत्तर :

नमुने अदलाबदल झालेले नाहीत. तुमचे आकडे एकमेकांशी पक्के जुळतात. ताकद वाढली आणि क्रोमियम मात्र तसंच राहिलं, असं तुम्ही लिहिलं असतंत तर मी शंका घेतली असती. हे कार्बोनेशनच आहे, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची सिमेंटशी होणारी अभिक्रिया. चांगलं की वाईट, हे धातूगणिक बदलतं, आणि तुमच्या गाळात नेमके विरुद्ध स्वभावाचे दोन धातू एकत्र आलेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या आजीच्या पानाच्या डब्यात चुन्याची एक पितळी डबी असायची. रात्री झोपायच्या आधी ती त्यात थोडं पाणी घालून झाकण घट्ट लावायची. मी एकदा ती उघडी टाकली आणि दोन-तीन दिवसांत वर असा कडक पापुद्रा धरला की बोट आत जाईना. "चुन्यानं हवा खाल्ली," म्हणाली. तुमच्या ठोकळ्यात झालं ते एवढंच. जुन्या इंदुरातल्या वाड्यांच्या भिंती ज्या चुन्यात बांधल्या, तो चुनाही वर्षानुवर्षं अशीच हवा खाऊन दगड झाला. गवंड्याला ते हवंच असतं. आपल्याला ते हवं आहे की नको, हे ठरवण्यासाठी आत काय बदलतं ते पाहू.

सिमेंट पाण्याशी संयोग पावतं तेव्हा दोन मुख्य गोष्टी तयार होतात. एक म्हणजे कॅल्शियम सिलिकेटचा चिकट जेल, ज्याने ताकद येते. दुसरा मोकळा चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. साध्या ओपीसीच्या (ऑर्डिनरी पोर्टलँड सिमेंटच्या) मुरलेल्या लगद्यात हा चुना २० ते २५ टक्के भरतो. तो आहे तोवर छिद्रांतल्या पाण्याचा पीएच साडेबाराच्या वर राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड, जो दहा लाखांत जेमतेम ४२० भाग आहे, छिद्रांतून आत शिरतो, पाण्यात विरघळतो आणि चुन्याला गाठतो. ७४ ग्रॅम चुना ४४ ग्रॅम वायू घेतो आणि १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट व १८ ग्रॅम पाणी देतो. चुना संपला की जेलमधलं कॅल्शियमही ओढलं जातं. शेवटी पीएच नऊच्या खाली, साडेआठच्या आसपास येऊन थांबतो. साडेबारावरून साडेआठवर, म्हणजे अल्कली हजारो पटींनी कमी. ज्या धातूला आपण साडेबाराच्या पाण्यात बांधलं, त्याला आता साडेआठच्या पाण्यात राहायचंय.

आता तुमचे ८ मिलिमीटर. हा आकडा तुम्ही प्रश्नाच्या शेवटी सहज लिहिलात, पण मला सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटतो. ७०.६ मिमीच्या ठोकळ्यात सहाही बाजूंनी ८ मिमी कड गेली, तर आत ५४.६ मिमीचा गाभा उरतो. घनफळ काढा : गाभा ४६ टक्के, कड ५४ टक्के. म्हणजे डोळ्याला जी पातळ किनार दिसते, तो निम्म्याहून जास्त ठोकळा आहे. तुम्ही तो टीसीएलपीसाठी साडेनऊ मिमीच्या खाली फोडलात आणि कड व गाभा एकत्र करून बाटलीत घातलात. निकाल बदलला यात नवल नाही.

हाच हिशेब एक मीटरच्या ठोकळ्याला लावला तर ८ मिमीची कड पाच टक्क्यांहूनही कमी भरते. वायू खोल शिरतो तो काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. एका वर्षात ८ मिमी, तर ४ वर्षांत १६ आणि २५ वर्षांत ४०. २५ वर्षांनी तुमचा छोटा ठोकळा गाभ्यापर्यंत पूर्ण गेलेला असेल, आणि मीटरच्या ठोकळ्याचे अजून ७८ टक्के शाबूत असतील. आता प्रत्यक्षात काय होतं ते आठवा. बहुतेक ठिकाणी ठोकळा पाडतच नाहीत. खड्ड्यात गाळ, चुना, राख, सिमेंट टाकून पोकलेनने कालवतात आणि तो ढेकळांचा माल ट्रकने लँडफिलमध्ये जातो. पंधरा मिमीच्या ढेकळाला वर्षभर हवा मिळाली तर आत गाभा म्हणून काही उरतच नाही. एकच मिश्रण, एकच सिमेंट, पण मोठ्या ठोकळ्यात कार्बोनेशन हा कातडीचा प्रश्न आणि ढेकळात संपूर्ण शरीराचा. कागदावर दोन्हींचा २८ दिवसांचा अहवाल सारखाच येतो, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

शेडबद्दलही एक सांगतो, कारण तिथे बऱ्याच जणांची गफलत होते. पावसापासून वाचवलं म्हणजे माल सुरक्षित, असं वाटतं. छिद्रं पाण्याने भरलेली असली की कार्बन डायऑक्साइड आत जाऊ शकत नाही, कारण हवेपेक्षा पाण्यातून तो सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. आजी डबीत पाणी घालायची ते याचसाठी. छिद्रं अगदी कोरडी असली तरी अभिक्रिया थांबते, कारण तिला थोडं पाणी लागतं. सगळ्यात वेगात काम चालतं ते ५० ते ७० टक्के आर्द्रतेत. पत्र्याखालचा ठोकळा पावसाळ्यातही पुरता भिजत नाही आणि बराच काळ या मधल्या ओलीत राहतो. म्हणून शेडमधला माल उघड्यावरच्या भिजणाऱ्या मालापेक्षा जास्त वेगाने हवा खातो. साठवण लांबणार असेल तर मेणकापड किंवा प्लास्टिकची चादर गुंडाळा. नुसता पत्रा पुरत नाही.

शिशाचं कोडं आता सुटतं. शिसं आणि जस्त हे दोन्हीकडे पाय असलेले धातू. आम्लात विरघळतात आणि तीव्र अल्कलीतही विरघळतात. पीएच नऊ-दहाच्या आसपास त्यांची विद्राव्यता सगळ्यात कमी असते. साडेबारापर्यंत गेलात की शिसं प्लंबाइट होऊन आणि जस्त झिंकेट होऊन पाण्यात येऊ लागतं. तुमच्या ताज्या ठोकळ्याने साध्या पाण्याचा पीएच बारापार नेला असणार, म्हणून तिथे शिसं दिसलं. वर्षानंतर कडेचा पीएच उतरला, शिसं त्याच्या आवडत्या जागी आलं, शिवाय काही शिशाचं कार्बोनेट झालं जे पाण्यात फारच कमी विरघळतं. साध्या पाण्यापुरतं बोलायचं तर कार्बोनेशनने तुमचं शिसं खरोखर जास्त पक्कं बांधलं.

मग टीसीएलपीत ते का वाढलं? इथे थोडी आकडेमोड करा, ती कुठल्याही भाषणापेक्षा लवकर पटते. टीसीएलपीचं तीव्र द्रावण, पीएच २.८८ चं, म्हणजे लिटरला सुमारे ०.१ इक्विव्हॅलंट (आम्ल आणि अल्कली एकमेकांशी तोलायचं एकक) ॲसेटिक आम्ल. नमुन्याच्या २० पट द्रावण, म्हणजे किलोमागे २ इक्विव्हॅलंट. तुमच्या मिश्रणात सिमेंट १० टक्के धरू. किलोत १०० ग्रॅम सिमेंट, त्यात कॅल्शियम ऑक्साइड सुमारे ६३ ग्रॅम, म्हणजे अल्कली सव्वादोन इक्विव्हॅलंट. आम्ल दोन, अल्कली सव्वादोन. १८ तास बाटली फिरते, आम्ल मारलं जातं, आणि शेवटचा पीएच उतरता उतरता दहाच्या आसपास टेकतो. शिशाची सगळ्यात कमी विद्राव्यता तिथेच! २८ दिवसांचा अहवाल इतका सुंदर का आला, त्याचं मोठं कारण हे. शिसं सिमेंटने जखडलं होतं असं त्या आकड्यावरून म्हणता येत नाही. चाचणी सोयीच्या पीएचला संपली, एवढंच त्यातून कळतं.

वर्षानंतर चुन्याचं कार्बोनेट झालेलं असतं. कार्बोनेटही आम्ल मारतं, तेवढंच मारतं, पण कुठे मारतं ते पाहा. चुना साडेबाराच्या पातळीवर उभा राहून लढतो. कार्बोनेट सहा-सातच्या पातळीवर. आम्ल पचवायची एकूण कुवत जवळपास तीच राहते आणि तटबंदी मात्र साताच्या आसपास खाली सरकते. म्हणून आता टीसीएलपी दहाऐवजी सहा-सातवर संपते. तिथे शिशाचं कार्बोनेट विरघळू लागतं, वर ॲसेटेट शिशाला पाण्यातच धरून ठेवतं. आकडा वाढतो. तुमच्या दोन्ही चाचण्या खरं बोलतायत, वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. म्हणून माझी कळकळीची विनंती : टीसीएलपीचा कुठलाही अहवाल लिहिताना बाटलीतला शेवटचा पीएच लिहाच. शिसं ५, कॅडमियम १, क्रोमियम ५ मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादा सगळ्यांना पाठ असतात, पण शेवटचा पीएच नोंदवलेला मला क्वचित दिसतो. त्या एका आकड्याशिवाय बाकीचे आकडे वाचता येत नाहीत.

आता क्रोमियम. इथे मी कठोर होणार आहे.

क्रोमियम दोन प्रकारचं. ट्रायव्हॅलंट हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं आणि पीएच आठ-नऊला जवळपास विरघळत नाही. हेक्साव्हॅलंट म्हणजे क्रोमेट, ऋणभारित आयन, कुठल्याही पीएचला पाण्यात मजेत राहतो. तुमच्या साध्या पाण्याच्या चाचणीत, जुन्या ठोकळ्यातून, साडेआठ-नऊ पीएचला क्रोमियम वाढलं. ट्रायव्हॅलंट असतं तर ते तिथे आलं नसतं. म्हणजे तुमच्या गाळातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम सिमेंटमध्ये जाण्याआधी पूर्ण क्षपित झालेलं नव्हतं. डायफिनाइलकार्बाझाइडची चाचणी करा, जांभळट गुलाबी रंग येईल, माझी खात्री आहे.

मग २८ दिवसांनी ते का दिसलं नाही? ताज्या सिमेंटमध्ये एट्रिंगाइट नावाचे सुईसारखे स्फटिक तयार होतात. कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि सल्फेट यांचे. क्रोमेटचा आकार आणि भार सल्फेटसारखाच, म्हणून सल्फेटच्या जागेवर क्रोमेट जाऊन बसतं. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या, कमी सल्फेटच्या स्फटिकातही बसतं. पण एट्रिंगाइटला उंच पीएच लागतो, साडेदहाच्या खाली ते टिकत नाही. कार्बोनेशन आलं की ते फुटतं : जिप्सम, कॅल्शियम कार्बोनेट आणि ॲल्युमिनाचा जेल होतो, आणि सल्फेटच्या खुर्चीवरचं क्रोमेट उठून पाण्यात चालायला लागतं. एट्रिंगाइटच्या आधाराने धरलेलं जे जे ऋणभारित असतं, त्या सगळ्याचं असंच होतं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. उमेदवारीच्या काळात एका कारखान्याच्या आवारात आम्ही प्लेटिंगच्या गाळाचे ठोकळे भिंतीसारखे रचून ठेवले होते. वर पत्रा, बाजू उघड्या. २८ दिवसांचे अहवाल चोख होते. दीडेक वर्षाने ताकद तपासली तर वाढलेली, म्हणून सगळे खूश, मीही. त्या जूनमध्ये पहिला पाऊस वाऱ्यासकट तिरका आला आणि ठोकळे भिजले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर ठोकळ्यांच्या पायथ्याशी साचलेल्या पाण्याला लिंबाच्या सरबतासारखी पिवळी झाक होती. काठावर सुकलेली पिवळी रेघ. तिथून चार पावलांवर एक कामगार त्याच पाण्यात पाय बुडवून चिखल धूत होता. मी ओरडलो, तो दचकून बाजूला झाला, आणि मग त्याने मला पावलावरची जखम दाखवली, बरेच दिवस भरत नव्हती म्हणाला. ती जखम त्या पाण्याची होती की नाही, हे ठरवायला तिथे कोणी डॉक्टर नव्हता. पण क्रोमेटने त्वचेला खोल, न भरणारे व्रण पडतात आणि ते कर्करोगकारक आहे, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी फक्त ठोकळ्याच्या ताकदीकडे बघत राहिलो होतो. तेव्हापासून हेक्साव्हॅलंट क्रोमियम सिमेंटच्या भरवशावर सोडायचं नाही, हा नियम मी कधी मोडला नाही.

त्याला आधी ट्रायव्हॅलंटच करावं लागतं. पीएच दोन-तीनला मेटाबायसल्फाइट, किंवा फेरस सल्फेट, आणि मग चुन्याने पीएच वर. फेरस सल्फेटचा हिशेब कायम कमी धरला जातो. एका क्रोमियमला तीन फेरस लागतात, म्हणजे एक किलो हेक्साव्हॅलंट क्रोमियमला नुसत्या गणितानेच १६ किलो हिरवे खडे लागतात. प्रत्यक्षात त्याहून जास्त. आणि खडे हिरवेच हवेत. गोणी फाटून ज्यांवर तपकिरी गंज चढलाय, त्यांतलं फेरस हवेने आधीच खर्ची पडलेलं असतं. गोणीत हात घालून तळातले खडे बघा, वरवरचा रंग पाहून सही करू नका. क्षपण पुरं झालं की नाही ते सिमेंट पडायच्या आधी तपासा. नंतर फार उशीर झालेला असतो.

बाकीच्या धातूंचं थोडक्यात. कॅडमियमचं कार्बोनेट कमी विद्राव्य आहे, त्यामुळे साध्या पाण्यात फारसा धोका वाढत नाही. टीसीएलपीत वाढू शकतो. निकेल आणि तांबं मधले. आर्सेनिकपासून मात्र जपा. चुन्याने बांधलेलं आर्सेनिक कॅल्शियम आर्सेनेट म्हणून बसलेलं असतं आणि कार्बन डायऑक्साइड त्याच्याकडचं कॅल्शियम हिसकावून कार्बोनेट करतो, आर्सेनिक मोकळं. लोहाबरोबर बसवलेलं आर्सेनिक जास्त टिकतं. अँटिमनी, सेलेनियम, मॉलिब्डेनम हे क्रोमेटच्याच जातीचे, ऋणभारित.

ताकद वाढली याचं कारण सोपं आहे. चुन्याच्या जागी आलेलं कार्बोनेट ११-१२ टक्के जास्त जागा व्यापतं, छिद्रं बुजतात, ठोकळा घट्ट होतो. पण हे ओपीसीचं झालं. आपल्याकडे हाताला लागते ती पीपीसीची (पोर्टलँड पोझोलाना सिमेंटची) गोणी, त्यात राख, आणि मिश्रणात आपण आणखी राख घालतो. राखेने मोकळा चुना आधीच खाल्लेला असतो. मग कार्बन डायऑक्साइड थेट जेलवर येतो, जेल आकसतो, बारीक भेगा पडतात, छिद्रं मोठी होतात. शिवाय चुन्याचा साठा कमी म्हणून कड आत सरकते ती भरभर. स्लॅगच्या (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीच्या) सिमेंटचंही असंच. स्लॅग किंवा राख वाईट असं मी म्हणत नाही, अनेक गाळांना त्या उत्तम चालतात, पण "सिमेंट अमुक टक्के" एवढी नोंद पुरेशी नाही. कोणतं सिमेंट आणि त्यात चुन्याचा साठा किती, हे लिहा. आणि ताकदीच्या आकड्यावरून धातूबद्दल काहीही अनुमान काढू नका. अमेरिकेत लँडफिलमधल्या अशा मालाला ५० पीएसआय, म्हणजे जेमतेम ०.३४ मेगापास्कल पुरे धरतात, तेही वरचा भार पेलावा म्हणून.

लँडफिलमध्ये पुरल्यावर काय? चांगल्या बांधलेल्या सेलमध्ये, म्हणजे माल पुरायच्या कप्प्यात, वर एचडीपीई प्लास्टिकचं आणि मातीचं झाकण आलं की हवा जवळपास बंद होते आणि कार्बोनेशन मंदावतं. म्हणून खरा धोका पुरण्याआधीच्या महिन्यांत, शेडमध्ये आणि उघड्या सेलमध्ये असतो, हे माझं ठाम मत आहे. मात्र त्याच सेलमध्ये कुजणारा कचरा गेला असेल तर गणित उलटं होतं. कुजण्याच्या वायूत कार्बन डायऑक्साइड ४० टक्क्यांपर्यंतही असू शकतो, हवेच्या जवळपास हजार पट. दुसरी वाट पाण्याची. माळव्यातल्या काळ्या दगडातून आलेल्या बोअरिंगच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर जमतो, तोच ठोकळ्याच्या अंगावरही जमतो. हा थर कधी कधी मदत करतो, छिद्रांची तोंडं बुजवतो. पण उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, ठोकळा सुकतो, पावसाळ्यात भिजतो, आणि तो थर तडकतो. त्यावर विसंबू नये.

२०२५ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन कचरा इंदूरजवळच्या पिथमपुरात जाळला गेला, तेव्हापासून इंदुरात कोणत्याही घरी चहाला गेलं तरी राखेबद्दल विचारतात. लोकांची काळजी रास्त आहे, आणि तिला उत्तर देताना रसायनशास्त्र नीट सांगितलं पाहिजे. भट्टीच्या धुरातलं आम्ल मारायला चुना वापरतात, म्हणून अशा भट्ट्यांच्या राखेत चुना आणि क्लोराइड भरपूर असतात. राखेतलं क्लोराइड सिमेंटमध्ये फ्रीडेलच्या क्षारात (कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि क्लोराइडच्या स्फटिकात) अडकतं, आणि कार्बोनेशनने तो क्षार फुटून क्लोराइड सुटतं. उलट, अशा चुनेदार राखेतलं शिसं आणि जस्त आवरायला मुद्दाम कार्बोनेशन करता येतं. ब्रिटनमध्ये कचरा-भट्टीची राख ओलसर करून, कार्बन डायऑक्साइड सोडून तिची कृत्रिम खडी बनवतात. म्हणजे हवा आपल्या वेळेने लागण्याआधी, आपण आपल्या देखरेखीखाली ती लावून घ्यायची. मला हा मार्ग आवडतो, पण फक्त शिसं-जस्ताच्या राखेसाठी. क्रोमेट किंवा आर्सेनिक असलेल्या मालावर कोणी हा प्रयोग सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा.

फिनॉल्फथॅलिनबद्दल दोन सूचना. पृष्ठभाग ताजा फोडलेला हवा, करवतीने पाणी लावून कापलेला नको, कारण पाण्याबरोबर गाभ्यातला चुना कडेवर पसरतो आणि कड खोटी गुलाबी दिसते. छिन्नी लावून एकच जोरदार घाव घाला, ब्रशने भुकटी झटका, एक टक्का द्रावणाची हलकी फवारणी करा, आणि प्रत्येक बाजूला कोपरे सोडून चार-पाच ठिकाणी मोजा. कोपऱ्यात वायू दोन बाजूंनी येतो, तिथला आकडा फसवा असतो. चांगला ठोकळा फुटला की गाभ्यावर रंगपंचमीसारखा भडक गुलाबी येतो आणि कडेला करडी चौकट राहते. पण ती रेषा म्हणजे सीमा नव्हे. फिनॉल्फथॅलिन नऊच्या आसपास रंग सोडतं. एट्रिंगाइट त्याच्या बरंच आधी फुटायला लागतं. गुलाबीच्या आतही काही मिलिमीटर अर्धवट बदललेला पट्टा असतो, आणि तुमचं क्रोमियम त्या पट्ट्यातूनही येत असणार. पक्कं मोजायचं तर कडेपासून थोडं थोडं खरवडून ती भुकटी टीजीएवर (नमुना तापवत वजनातली घट मोजणाऱ्या यंत्रावर) चालवा. ४०० ते ५०० अंशांमधली घट चुन्याची, ६०० ते ८०० मधली कार्बोनेटची.

तुमच्याकडे सहा ठोकळे उरलेत ना? एक आज फोडा. कड आणि गाभा वेगवेगळे करा, एकत्र कुटू नका, आणि दोन्हींची पाण्यातली चाचणी, शेवटचा पीएच आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम काढा. वरिष्ठांच्या शंकेला हे उत्तर पुरेल, कारण एकाच ठोकळ्याचे दोन भाग अदलाबदल होऊ शकत नाहीत. एक ठोकळा दळून पीएच १२, १०, ९, ८, ७ अशा ठरवलेल्या पायऱ्यांवर धातू किती सुटतात ते पाहा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची, ईपीएची, पद्धत १३१३ याच धर्तीची आहे. त्या आलेखावर बोट ठेवून सांगता येतं की आज माल कुठे आहे आणि पुढे कुठे जाणार आहे. दोन ठोकळे प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळा, वर तारीख लिहा. उरलेले दोन कार्बन डायऑक्साइडच्या पेटीत ठेवा, वायू ३ टक्के आणि आर्द्रता ६० ते ६५ टक्के. गणिताने तिथले पाच आठवडे म्हणजे बाहेरची जवळपास सात वर्षं होतात. प्रत्यक्षात तंतोतंत जुळत नाही, पण दिशा कळते. वायू याहून फार वाढवू नका, जेल वेगळ्याच पद्धतीने मोडतो आणि निकाल दिशाभूल करतो.

हे सगळं होईपर्यंत त्या गाळाचा नवा घाणा थांबवा. पुढचा लॉट आला की सिमेंटची गोणी फोडण्याआधी हेक्साव्हॅलंट क्रोमियम तपासा, आणि शेडमध्ये जो माल पडलाय त्याच्यावर या पावसाळ्याआधी चादर टाका. पायथ्याशी पाणी साचलंच तर त्यात कोणी पाय घालणार नाही अशी दोरी बांधा.